विश्लेषण : नितळ नदीत ट्राउट कसा पकडायचा? मासेमारीचे ‘गुरू’ वॉल्टन यांनी हे मानसपुत्राकडून का लिहून घेतले?

‘द कम्प्लीट अँग्लर’ हे १६५३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक आजही छापले जाते. हौसेने गळ टाकणाऱ्यांसाठी त्याचे लेखक आयझॅक वॉल्टन गुरुस्थानी आहेत. मात्र नितळ पाण्यात फ्लाय फिशिंग कसे करावे, हा पुस्तकातील महत्त्वाचा भाग त्यांनी लिहिलेलाच नाही. असे का झाले?

फ्लाय फिशिंग म्हणजे काय?

गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून गळ टाकणे आपल्याकडे परिचयाचे आहे. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसे, प्राण्यांचे केस आणि रेशमी धागा गुंडाळून नकली माशी बनवतात. ट्राउट मासा पाण्यातले किडे टिपतो, त्याला या माशीने फसवायचे. माशीला वजन जवळपास नसते. म्हणून काठी मागे-पुढे झुलवून दोरी फेकायची, तिच्याबरोबर माशी जाते.

वॉल्टन कोण होते?

जन्म १५९३, स्टॅफर्ड. वडील लहानपणीच वारले. लंडनमध्ये व्यापारात जम बसला, पण पहिल्या पत्नीपासून झालेली सातही मुले दगावली आणि १६४० मध्ये पत्नीही गेली. पुढे यादवी युद्ध पेटले. वॉल्टन राजाच्या बाजूचे होते आणि १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. त्यांचा पक्ष हरलेला असताना, साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी नदीकाठच्या निवांतपणाचे हे पुस्तक लिहिले.

मग अडचण काय होती?

वॉल्टन यांचा हात प्रामुख्याने आमिष लावून मासे पकडण्यात बसलेला होता. फ्लायसाठी त्यांनी थॉमस बार्कर यांच्या माहितीचा आधार घेतला आणि तसे नमूदही केले. पुस्तक गाजल्यावरही ते त्यात सुधारणा करत राहिले. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत, वयाच्या ८३ व्या वर्षाकडे झुकताना, त्यांनी दुसरा भाग चार्ल्स कॉटन यांच्याकडे सोपवला. कॉटन ३७ वर्षांनी लहान, त्यांचे मानसपुत्र. डव्ह नदीकाठी वाढलेल्या कॉटन यांना फ्लायचे तंत्र अंगवळणी पडले होते.

कॉटन यांनी काय शिकवले?

नितळ पाण्यात आपल्याला मासा दिसतो, तसे त्यालाही आपण दिसतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की तो अधिकच बुजतो. त्यामुळे कॉटन यांचा भर दोन गोष्टींवर होता : दोरी बारीक हवी आणि मासेमाराने लांब राहावे. तेव्हा दोरी घोड्याच्या केसांची असे. गळाजवळ दोनच केस पुरेत, असे त्यांचे मत होते. कोणत्या महिन्यात कोणती माशी वापरावी, याची यादीही त्यांनी दिली.

आज नवशिक्यांनी काय लक्षात ठेवावे?

दोरी आता नायलॉनची असते, नियम तेच आहेत. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, म्हणून मागून, वाकून जावे. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. नदीवर कोणते किडे उडत आहेत ते आधी पाहावे, मगच माशी निवडावी.

वॉल्टन १६८३ मध्ये नव्वदाव्या वर्षी विंचेस्टरमध्ये वारले. कॉटन यांनी १६७४ मध्ये डव्हच्या काठी बांधलेली मासेमारीची छोटी दगडी खोली आजही उभी आहे. तिच्या दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरलेली आहेत.