भिंतीपलीकडे संकेत पोहोचविणारे आचार्य

सोलापुरात जुळे सोलापूर वा होटगी रस्त्याच्या बाजूला उभ्या राहिलेल्या नव्या सदनिकांच्या दारांवर किल्लीविना उघडणारी बिनतारी कुलपे आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. मोबाईलवर बोट टेकवावे आणि दार उघडावे, अशी ही सोय. मात्र ती दगा देते तेव्हा पहिला संशय कुलपावर घेतला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा कुलपाचा नसतोच. बैठकीतल्या कपाटाआड ठेवलेला राउटर, मधल्या दोन-तीन भिंती आणि दाराचा लोखंडी पत्रा यांतून वाट काढताना संकेत क्षीण होतो. जुन्या शहरातील जाड दगडी भिंतींच्या वाड्यात तर तो आणखीच अडखळतो. डोळ्यांना न दिसणारी लहर भिंतीपलीकडे न्यायची आणि तिच्याकडून तेथले यंत्र हलवून घ्यायचे, हा प्रश्न नवा नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कोलकात्यातील एका प्राध्यापकाने तो हाती घेतला आणि भरसभेत सोडवून दाखविला. ते प्राध्यापक म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात, आजच्या बांगलादेशात झाला. वडील भगवानचंद्र सरकारी सेवेत अधिकारी होते. त्या काळी अशा घरातील मुले इंग्रजी शाळेत जात. पण भगवानचंद्रांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या मुलांबरोबर बसून जगदीशचंद्र शिकले. झाडे, प्राणी आणि हाताने वस्तू घडविणारी माणसे यांच्याविषयीची ओढ त्यांना तेथेच लागली. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ यांनी त्यांना प्रयोगांची गोडी लावली. वैद्यकीच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले. परंतु प्रकृतीने साथ न दिल्याने तो मार्ग सोडून केंब्रिजच्या ख्राइस्ट्स महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचे अध्ययन केले. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रुजू झाले. भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्यापेक्षा कमी वेतन देण्याची तेव्हा रीत होती, आणि नेमणूक हंगामी असल्याने बोस यांच्या वाट्याला त्याहूनही कमी रक्कम येत होती. त्यांनी वाद घातला नाही, राजीनामाही दिला नाही. काम चोख केले आणि वेतन मात्र घेतले नाही. वडिलांवर कर्ज होते, १८८७ मध्ये अबलादेवींशी विवाह होऊन संसारही सुरू झाला होता. तरीही तीन वर्षे हा निग्रह टिकला. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले आणि मागील थकबाकीसह पूर्ण वेतन मिळाले. त्या रकमेतून वडिलांचे कर्ज फिटले.

याच सुमारास युरोपात विद्युत्चुंबकीय लहरींचा शोध गाजत होता. जर्मनीच्या हाइनरिक हर्ट्झ यांनी १८८८ पर्यंत या लहरींचे अस्तित्व सिद्ध केले होते. १८९४ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले आणि त्याच वर्षी ऑलिव्हर लॉज यांनी लंडनमध्ये त्यांच्या कार्यावर व्याख्यान दिले. त्याचा वृत्तांत बोस यांच्या वाचनात आला. आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी त्यांनी यापुढे संशोधनालाच वाहून घेण्याचा संकल्प केला. महाविद्यालयात सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराच्या मदतीने आणि बहुतांशी स्वतःच्या खर्चाने त्यांनी उपकरणे घडविली.

हर्ट्झ यांच्या लहरी लांब होत्या. त्यांच्यावर बारकाईचे प्रयोग करायचे तर उपकरणेही अवाढव्य लागत. बोस यांनी अडीच सेंटिमीटरपासून थेट पाच मिलिमीटरपर्यंतच्या आखूड लहरी निर्माण केल्या, त्यामुळे सारी मांडणी मेजावर मावू लागली. लहर भलतीकडे सांडू नये म्हणून प्रक्षेपक धातूच्या पेटीत बंद केला. ग्रहणाच्या बाजूला लहरी गोळा करणारे फनेलसारखे तोंड बसविले. आजच्या सूक्ष्मलहरी यंत्रणांतील शिंगाच्या आकाराच्या अँटेनाचे हे पूर्वरूप होय.

१८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सभेला उपस्थित होते. त्यांच्या देहातून आणि मधल्या भिंतींतून लहर पार गेली, सुमारे ७५ फुटांवरच्या खोलीतील यंत्रणा जागी झाली, पिस्तुलाचा बार उडाला आणि बंदुकीच्या दारूचा लहानसा स्फोट झाला. मध्ये तार नव्हती, दारही उघडे नव्हते. दुरून आलेल्या क्षीण लहरीने केवळ एक खटका सोडवायचा आणि उरलेले काम जागच्या शक्तीने करायचे, ही त्यातील युक्ती. आजचे बिनतारी कुलूपही असेच चालते. लहर त्याचा अडसर सरकवीत नाही. ती फक्त आज्ञा पोहोचविते, अडसर सरकवितात ती कुलपातील बॅटरी आणि मोटर.

बोस यांचे मोठेपण मात्र या देखाव्यात नव्हते. लहर अधिक जोराने पाठविण्याकडे इतरांचा कल असताना त्यांनी ती अधिक नीट ऐकण्याकडे लक्ष दिले. त्या वेळचा लहरग्राहक म्हणजे धातूचा कीस भरलेली नळी. एकदा लहर आली की कीस चिकटून बसे, आणि पुढच्या संकेतासाठी नळीला टिचकी मारावी लागे. शिवाय त्याचा भरवसा नसे. बोस यांनी किसाऐवजी पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा शेजारी शेजारी बसविल्या आणि त्यांवरचा दाब व त्यांतून जाणारा प्रवाह हवा तसा कमी-जास्त करण्याची सोय केली. पुढे शिशाच्या गॅलेना या खनिजाचा स्फटिक वापरून त्यांनी त्याहून संवेदनक्षम ग्राहक तयार केला. अर्धवाहक पदार्थाचा असा उपयोग करणारे ते अगदी आरंभीचे संशोधक ठरतात.

लहरीच्या दिशेचाही त्यांनी अभ्यास केला. पानापानांत वर्ख घातलेले पुस्तक किंवा पिळलेला ताग लहरीच्या वाटेत धरून लहर कधी अडते, कधी वळते आणि कधी पार जाते, हे त्यांनी दाखविले. पुस्तक नुसते काटकोनात फिरविले की ग्राहकापर्यंत येणारी लहर बदले. राउटरची अँटेना आडवी-उभी केल्यावर संकेताचे बळ बदलते, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये लिव्हरपूलच्या ब्रिटिश असोसिएशनपुढे आणि जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोस यांनी आपली उपकरणे मांडली. लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्यांनी त्यांचे कौतुक केले. योगायोग असा, की त्याच १८९७ साली मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना सुरू केला. एक भारतीय बिनतारी संकेत घडवीत होता, दुसरा कुलूप. या दोन विद्या एकाच दारावर येण्यास पुढे शंभरावर वर्षे जावी लागली.

आपल्या शोधांतून पैसा मिळवावा, असे बोस यांना कधी वाटले नाही. १९०१ मध्ये एका धनाढ्य तारकंपनीच्या मालकाने नफ्याच्या भागीदारीचा प्रस्ताव आणला, तो त्यांनी नाकारला आणि ही हकीकत रवींद्रनाथ ठाकुरांना पत्राने कळविली. ज्ञान कुलूपबंद करू नये, ही त्यांची धारणा होती. सारा बुल या अमेरिकन स्नेही आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहामुळे गॅलेना ग्राहकाचे अमेरिकन एकस्व १९०४ मध्ये त्यांच्या नावे झाले खरे. पण त्याचा लाभ त्यांनी घेतला नाही.

या अनासक्तीची किंमतही त्यांना मोजावी लागली. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपार संकेत पकडला. त्या वेळी वापरलेला पाऱ्याचा ग्राहक त्यांच्याकडे इटलीच्या नौदलातील सोलारी यांच्याकडून आला होता. तशाच लोखंड-पारा ग्राहकाचे वर्णन बोस यांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे केले होते. प्रोबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये आयईईईच्या नियतकालिकात ही साखळी साधार मांडली. १९०९ चे नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळाले. दूर पल्ल्याच्या बिनतारी संदेशवहनाचा उद्योग उभारण्याचे श्रेय मार्कोनी यांचेच. परंतु तो संदेश ऐकणाऱ्या कानाची कथा सांगताना बोस यांना वगळता येत नाही.

स्वतः बोस तोवर दुसऱ्या वाटेला लागले होते. सतत वापराने ग्राहक जणू थकतो आणि विश्रांतीनंतर पुन्हा ताजा होतो, हे पाहून निर्जीव आणि सजीव यांच्या प्रतिसादांची ते तुलना करू लागले. त्यातून वनस्पतींवरचे त्यांचे प्रसिद्ध संशोधन आणि वाढीचा अत्यल्प वेग मोजणारा क्रेस्कोग्राफ जन्माला आला. १९१७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला त्यांनी कोलकात्यात बोस संशोधन संस्था स्थापन केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. मिलिमीटर लहरींवरील त्यांच्या प्रयोगांना आयईईईने २०१२ मध्ये ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली. त्याच लहरी आज रडारमध्ये आणि नव्या पिढीच्या दूरसंचारात काम करीत आहेत.

घरच्या बिनतारी कुलपासाठी वापरली जाणारी लहर साधारण १२ सेंटिमीटरची, म्हणजे बोस यांच्या लहरींहून लांब; पण नियम तेच. बॅटरीवर चालणाऱ्या कुलपाला मोठ्याने बोलणे परवडत नाही आणि प्रक्षेपणाच्या जोरावर कायद्याचेही बंधन असते. म्हणून राउटर कपाटातून बाहेर उंचावर आणणे, अँटेनाची दिशा बदलून पाहणे, दाराजवळ संकेत पुढे नेणारे छोटे यंत्र बसविणे आणि बॅटरी वेळेवर बदलणे, एवढ्यानेच बहुतेक अडचणी दूर होतात. ऐकणारा कान जवळ असावा आणि तो तीक्ष्ण असावा, हे सूत्र आचार्य बोस यांनी आपल्या लहानशा खोलीत शोधले होते. सोलापूरच्या एखाद्या घराचे दार आज मोबाईलच्या एका स्पर्शाने उघडते, तेव्हा त्यामागे वेतन नाकारणाऱ्या, पण ज्ञान कधीच न नाकारणाऱ्या त्या प्राध्यापकाचे ऋण असते.