रामशास्त्री प्रभुणे : न्यायावरचा विश्वास



वर्गात दोन मुलांचं भांडण आपण सोडवतो, तेव्हा बाकीची मुलं गप्प बसून एकच गोष्ट बघत असतात. बाई लाडक्या विद्यार्थ्याची बाजू घेतात का? रामशास्त्रींची गोष्ट सांगताना मी इथूनच सुरुवात करते.

रामशास्त्री साताऱ्याजवळच्या माहुलीचे. लहानपणी त्यांचं शिक्षण राहून गेलं होतं. साताऱ्यात एका सावकाराकडे नोकरी करताना झालेला अपमान मनाला लागला आणि ते शिकायला काशीला गेले, असं सांगतात. शास्त्री होऊन परतल्यावर १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या सेवेत आले. १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यांचं वय अवघं १८ वर्षांचं होतं. त्यांच्यानंतर चुलते रघुनाथराव पेशवे झाले. रामशास्त्रींनी खुनाची चौकशी केली आणि धागेदोरे थेट रघुनाथरावांपर्यंत पोहोचले. म्हणजे आरोपी कोण? तर ज्यांची चाकरी करायची तेच धनी! तरीही शास्त्रीबुवांनी त्यांना तोंडावर दोषी ठरवलं. या पापाला देहांत प्रायश्चित्ताशिवाय दुसरा उपाय नाही, असा निर्णय दिला. मग पद सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

आता मुलं हमखास विचारतात, मग रघुनाथरावांना शिक्षा झाली का? नाही झाली. इथे उत्तर टाळू नका. न्यायाधीशाच्या हातात फौज नसते, खजिनाही नसतो. निकाल अमलात आणायचं काम सत्तेचं असतं. न्यायाधीशाकडे असतो तो फक्त लोकांचा विश्वास. आपल्या विरुद्ध निकाल लागला तरी माणूस तो मानतो, कारण समोरचा कुणाला भीत नाही आणि कुणाचा मिंधा नाही, याची त्याला खात्री असते. राज्यशास्त्राचे अभ्यासक आजही न्यायालयांबद्दल हाच प्रश्न अभ्यासतात.

पुढे बारभाईंच्या कारभारात रामशास्त्रींना सन्मानाने परत बोलावलं गेलं. १७८९ मध्ये ते वारले. आजही निःस्पृह माणसाबद्दल बोलताना आपण रामशास्त्री बाणा म्हणतो.

गोष्ट संपल्यावर मुलांना एवढंच विचारा : चूक तुमच्या जिवलग मित्राची असेल, तर तुम्ही काय निकाल द्याल? आणि घरी दोन भावंडांचं भांडण सोडवताना आपणही स्वतःला हाच प्रश्न विचारूया.