सल्लागार घडवू पाहणारे पार्सन्स

मैत्रिणींनो, करिअर मार्गदर्शनाचे जनक मानले जाणारे फ्रँक पार्सन्स मला आपलेसे वाटतात. जन्म १८५४चा, अमेरिकेतला. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पण पुढे लोखंडाच्या कारखान्यात मजुरी, मास्तरकी, वकिली! काम बदलताना होणारी ओढाताण स्वतः भोगलेली.

बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये तेव्हा इटालियन, ज्यू स्थलांतरित दाटीवाटीनं राहत. मिळेल ते काम धरायचं, दुसरं काय? १९०८च्या जानेवारीत पार्सन्स यांनी तिथे सल्लाकेंद्र काढलं. पैसा पुरवला पॉलिन शॉ या बाईंनी, हे विसरू नका हं! आधी स्वतःला ओळखा, मग कामं समजून घ्या, मग सांगड घाला, ही त्यांची रीत. पण एकटा माणूस किती पुरणार? म्हणून त्यांनी सल्लागार तयार करणारा वर्गही आखला.

सप्टेंबरातच ते गेले. पुस्तक १९०९मध्ये निघालं. येणाऱ्यासाठीचे शंभरावर प्रश्न त्यात आहेत.