सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (जन्म : १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई, मृत्यू : २० जून १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ, लेखक व निसर्गसंवर्धक होते. भारतीय उपखंडातील पक्ष्यांची पद्धतशीर प्रादेशिक सर्वेक्षणे करणाऱ्या पहिल्या भारतीयांमध्ये त्यांची गणना होते. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे त्यांचे पुस्तक आणि एस. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा पक्षिकोश ही त्यांची प्रमुख ग्रंथसंपदा होय. शिकाऱ्याची बंदूक ते निरीक्षकाची दुर्बीण व छायाचित्रकाराचा कॅमेरा, असा भारतातील पक्षी-अभ्यासाचा प्रवास त्यांच्या हयातीत घडला. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील नवेगावबांध येथील पक्षी अभयारण्यास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

बालपण

सलीम अली यांचा जन्म मुंबईतील एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन यांचे आणि तीन वर्षांचे असताना आई झीनत-उन्-निसा यांचे निधन झाले. त्यानंतर मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी या भावंडांचा सांभाळ केला. स्वातंत्र्यसैनिक अब्बास तय्यबजी हेही त्यांचे नातलग होत.

मामांनी दिलेल्या हवेच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा लहानग्या सलीमचा छंद होता. १९०८ च्या सुमारास त्यांनी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका आढळला. ही नेहमीची चिमणी नव्हे, हे लक्षात आल्यावर मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी तो पक्षी पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे ओळखले, संस्थेच्या संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचनासाठी पुस्तके दिली. पक्ष्याची कातडी जतन करणे व नोंदी ठेवणे यांचे पहिले धडेही त्यांना येथेच मिळाले. या संस्थेशी जडलेला त्यांचा संबंध अखेरपर्यंत टिकला.

ब्रह्मदेश आणि शिक्षण

१९१३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढील शिक्षण सुरळीत न चालल्याने ते ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाच्या वुल्फ्रॅम खाणीच्या व इमारती लाकडाच्या व्यवसायात गेले. व्यवसायापेक्षा भोवतालच्या जंगलातच त्यांचे मन अधिक रमले. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा व लेखाकर्म यांचे शिक्षण घेतले. त्याच काळात सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या मार्गदर्शनाखाली ते प्राणिशास्त्र शिकले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी नसल्याने त्यांना शासकीय शास्त्रीय नोकरी मिळू शकली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयातील निसर्गेतिहास विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांनी १९२८ मध्ये अभ्यासरजा घेतली आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली अध्ययन केले. हेल्गोलँड बेटावरील वेधशाळेत पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचे तंत्रही त्यांनी आत्मसात केले.

किहीम येथील सुगरणींचे निरीक्षण

१९३० मध्ये ते भारतात परतले, तेव्हा पैशांअभावी त्यांचे संग्रहालयातील पद रद्द झाले होते. नोकरी नसल्यामुळे अली दांपत्य कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. तेथे घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकारीच्या त्या काळात अली यांनी या पक्ष्यांचे दिवसचे दिवस निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पूर्ण करतो आणि मादी अंडी उबवू लागताच दुसरे घरटे विणावयास घेऊन दुसऱ्या मादीस आकर्षित करतो, हा क्रम त्यांनी सप्रमाण नोंदविला. एकही पक्षी न मारता, केवळ संयमाने पाहून मिळविलेले हे निष्कर्ष त्यांच्या शास्त्रीय कीर्तीचा पाया ठरले.

प्रादेशिक सर्वेक्षणे

पुढील दोन दशकांत त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर व कोचीन, मध्य भारतातील संस्थाने, कच्छ इत्यादी प्रदेशांतील पक्ष्यांची सर्वेक्षणे केली. अनेक संस्थानांनी या मोहिमांचा खर्च उचलला. अली यांनी स्वतःसाठी वेतन मागितले नाही. केवळ मोहिमेचा खर्च मिळावा, एवढीच त्यांची अट असे. या मोहिमांच्या नोंदींचे शास्त्रीय परीक्षण करण्यात ह्यू व्हिसलर यांचे साहाय्य त्यांना लाभले. तंबूतील मुक्काम, पहाटेपासूनची पायपीट आणि रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी लिहिणे हा त्यांचा नित्यक्रम होता. तेहमिना अनेक मोहिमांत त्यांच्यासोबत असत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्यानंतर अली यांनी बहीण कमू व मेहुणे हसन यांच्या घरी वास्तव्य केले. पुन्हा विवाह केला नाही.

बंदूक, दुर्बीण आणि कॅमेरा

अली यांनी अभ्यासाला सुरुवात केली, तेव्हा पक्ष्याची खात्रीलायक ओळख पटविण्यासाठी तो मारून त्याची कातडी संग्रहात ठेवणे ही सर्वमान्य पद्धत होती. त्यांनीही आपल्या सर्वेक्षणांत असे अनेक नमुने गोळा केले. त्यामुळे त्यांच्यावर टीकाही झाली. उपजाती व पिसाऱ्यातील सूक्ष्म फरक ठरविण्यासाठी मर्यादित प्रमाणात नमुने आवश्यक आहेत, अशी त्यांची भूमिका होती. मात्र करमणुकीसाठी होणाऱ्या शिकारीला त्यांचा विरोध होता. मेलेल्या पक्ष्याच्या वर्गीकरणापेक्षा जिवंत पक्ष्याच्या वर्तनाचा व परिसराशी असलेल्या त्याच्या नात्याचा अभ्यास त्यांना अधिक महत्त्वाचा वाटे.

या दृष्टीस छायाचित्रणाची जोड मिळाली ती लोक वान थो यांच्या मैत्रीमुळे. सिंगापूरचे हे चित्रपट-व्यावसायिक १९४२ मध्ये जपानी आक्रमणापुढे शहर सोडून निघाले. त्यांचे जहाज बॉम्बहल्ल्यात सापडले आणि गंभीर जखमी अवस्थेतून बचावून ते पुढे भारतात पोहोचले. मुंबईत अली यांच्याशी परिचय झाल्यावर दोघांनी कच्छसह अनेक ठिकाणी एकत्र भ्रमंती केली. घरट्याजवळ आडोसा उभारून, पक्षी त्याला सरावेपर्यंत तासन्‌तास थांबून चित्र टिपण्याची पद्धत लोक यांनी अवलंबिली. १९५७ मध्ये त्यांचे ‘ए कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. अली यांच्या संशोधनकार्यास त्यांनी अर्थसाहाय्यही केले. १९६४ मध्ये तैवानमधील विमान अपघातात लोक यांचा मृत्यू झाला.

भटकंतीइतकीच अली यांना मोटारसायकलींचीही आवड होती. १९५० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषदेस जाताना त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल जहाजातून युरोपात नेली होती.

ग्रंथसंपदा

१९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ या पुस्तकाने पक्षिनिरीक्षण सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविले. रंगीत चित्रे, आकाराची नेहमीच्या पक्ष्यांशी तुलना आणि सोपे वर्णन यांमुळे शाळकरी मुलासही माळावर दिसलेला पक्षी ओळखता येऊ लागला. ओळख पटविण्यासाठी पक्षी हातात असण्याची गरज उरली नाही, हे या पुस्तकाचे मोठे फलित होय. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

एस. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला ‘हँडबुक ऑफ द बर्ड्‌स ऑफ इंडिया अँड पाकिस्तान’ हा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाला. कच्छ, केरळ, सिक्कीम आदी प्रदेशांतील पक्ष्यांवरही त्यांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे त्यांचे आत्मचरित्र १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात बालपणीच्या त्या रानचिमणीची आठवण आहे.

संवर्धनकार्य

स्वातंत्र्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आर्थिक अडचणीत आली असता अली यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्याकडे प्रयत्न करून संस्थेसाठी साहाय्य मिळविले. भरतपूरचे केवलादेव हे संस्थानिकांचे शिकारक्षेत्र पक्ष्यांसाठी राखले जावे आणि केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल जलविद्युत प्रकल्पात बुडू नये, यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही व हा मान मोराला मिळाला. पुढे माळढोकाची संख्या झपाट्याने घटली.

भंडारा जिल्हा व नवेगावबांध

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील बरेच जुने तलाव कोहळी समाजाने शेतीसाठी बांधले. माजी मालगुजारी तलाव म्हणून नोंद असल्याने लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांपैकीच एक असलेल्या नवेगावबांध जलाशयाच्या परिसरात १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले व तेथील पक्षी अभयारण्यास सलीम अली यांचे नाव मिळाले. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून हा भाग गोंदिया जिल्ह्यात आहे. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. भंडारा जिल्ह्यातील कोका अभयारण्य त्यात समाविष्ट आहे.

पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत वावरणारे बगळे व सारस, हिवाळ्यात जलाशयांवर उतरणारे पट्टकादंब व स्थलांतरित बदके आणि वसंतात फुललेल्या पळसावर येणारे पक्षी यांमुळे हा परिसर पक्षिनिरीक्षक व निसर्ग-छायाचित्रकारांना वर्षभर आकर्षित करतो. महाराष्ट्रातील सारसांचे वास्तव्य मुख्यतः याच दोन जिल्ह्यांत उरले असून ते धानशेती व तलाव टिकण्यावर अवलंबून आहे. नवेगावबांध येथे वनाधिकारी म्हणून काम केलेले लेखक मारुती चितमपल्ली यांची जन्मतारीख ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांची १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांदरम्यान महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो.

सन्मान, मृत्यू व स्मृती

भारत सरकारने अली यांना पद्मभूषण (१९५८) व पद्मविभूषण (१९७६) या पुरस्कारांनी गौरविले. १९६७ मध्ये ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्‌स युनियनचे सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले ब्रिटिशेतर नागरिक ठरले. जे. पॉल गेटी पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीस दिली. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नामनियुक्ती झाली. कर्करोगाच्या दीर्घ आजारानंतर १९८७ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

कोइम्बतूर येथील सलीम अली पक्षिशास्त्र व निसर्गेतिहास केंद्र, गोव्यातील चोडण बेटावरील पक्षी अभयारण्य आणि छत्रपती संभाजीनगर येथील सलीम अली सरोवर ही त्यांची स्मारके होत. ‘लॅटिडेन्स सलीमअलाय’ या दक्षिण भारतातील दुर्मीळ फलाहारी वटवाघळाचे शास्त्रीय नावही त्यांच्यावरून ठेवलेले आहे.