शिल्पविद्येचे उपासक कै. कृष्णाजी विनायक वझे

वैनगंगेच्या तीरी मार्कंडा येथे महाशिवरात्रीच्या यात्रेस गेलेला भाविक देवळाच्या भिंतींवरील मूर्ती पाहून थबकतो. हे कोरीवकाम ज्यांनी केले त्या कारागिरांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. निदान त्यांची विद्या तरी टिकावी, म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत कै. कृष्णाजी विनायक वझे यांचे नाव आदराने घ्यावे लागेल.

वझे यांचा जन्म १८६९ साली झाला. १८९१ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ते उत्तीर्ण झाले. तेथे पूल, रस्ते, इमारती यांचे पाश्चात्त्य शास्त्र शिकवीत. परंतु ज्या देशात एवढी देवळे उभी राहिली, त्या देशाचा एकही शिल्पग्रंथ अभ्यासास नव्हता. ही गोष्ट त्यांच्या मनास लागली. बांधकाम खात्यातील नोकरी सांभाळून त्यांनी जुन्या शिल्पग्रंथांचा शोध आरंभिला.

काम सोपे नव्हते. पंडितास संस्कृत येई, पण दगडकाम ठाऊक नसे. पाथरवटाच्या हातात विद्या असे, पण पोथी त्यास वाचता येत नसे. वझे यांना दोन्ही कळत होते.

त्यांनी संपादिलेला ‘काश्यपशिल्प’ हा ग्रंथ १९२६ साली पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने छापला. ही संस्था मुंबईचे हायकोर्ट वकील कै. महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली स्वतःच्या द्रव्याने स्थापिली. आपटे १८९४ सालीच निवर्तले. पण त्यांचे दान मागे राहून काम करीत होते.

हा ग्रंथ दक्षिणेकडील परंपरेचा, तर मार्कंड्याचे देऊळ उत्तरेकडील नागर घडणीचे. तरीही भूमीची पारख, जोत्याचे थर, खांबांची प्रमाणे, मूर्तींची मापे यांचे नियम त्यात वाचले म्हणजे एक गोष्ट पटते : देऊळ नुसत्या अंदाजाने उभे राहत नाही, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे शास्त्र असते.

१९२९ साली वझे यांचे देहावसान झाले. देवळास दिलेले दान कळसावर झळकते. पोथी शोधण्यास व छापण्यास दिलेले दान कोणास दिसत नाही. पण शिखर ढासळले तर ते पुन्हा कसे उभारावे, हे त्या पोथीतूनच कळते. अशा अभ्यासकास आणि अशा दात्यास समस्त ग्रामस्थांचे विनम्र अभिवादन.