हंटरच्या संग्रहालयातली रिकामी जागा

लंडनला गेलेली आपली मंडळी ब्रिटिश म्युझियम सहसा चुकवत नाहीत. तिथून थोडं चालत गेलं की लिंकन्स इन फील्ड्स हा जुना चौक लागतो. चौकाच्या एका बाजूला रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची इमारत आहे आणि तिच्या आत हंटेरियन म्युझियम. प्रवेश मोफत असूनही पर्यटकांच्या यादीत हे नाव क्वचितच असतं. आत काचेच्या बरण्यांच्या रांगाच रांगा आहेत. माणसांचे, माशांचे, सरड्यांचे, पक्ष्यांचे अवयव त्यांत अडीचशे वर्षांपासून द्रवात तरंगताहेत. कमकुवत मनाच्या माणसाने जेवणाआधी जाऊ नये, एवढं डॉक्टर म्हणून सांगतो.

हा संग्रह जॉन हंटरचा. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला मांडीतला ‘हंटर्स कॅनॉल’ पाठ करताना हे नाव प्रत्येक डॉक्टरच्या कानावरून जातं आणि परीक्षा संपली की विसरलं जातं.

हंटर १७२८ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतकरी कुटुंबात जन्मला, दहा भावंडांतला धाकटा. शाळेत त्याचं मन कधी लागलं नाही. विसाव्या वर्षी तो लंडनला थोरल्या भावाकडे, विल्यमकडे आला. विल्यमची शरीररचना शिकवण्याची खासगी शाळा होती. धाकट्याचं काम विच्छेदनाची तयारी करण्याचं आणि मृतदेह मिळवण्याचं. कायद्याने फक्त फाशी दिलेल्या गुन्हेगारांचे मोजके देह मिळत. बाकीचे रात्री कबरी उकरून आणले जात. देह टिकवायची सोय नव्हती, म्हणून विच्छेदन थंडीतच चाले. असे बारा हिवाळे हंटरने काढले. पुस्तकांपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय त्याला इथेच लागली असावी.

१७६१मध्ये तो सैन्याचा सर्जन म्हणून फ्रान्सजवळच्या बेल-ईल बेटावरच्या लढाईत गेला. गोळी लागली की जखम चिरून मोठी करायची आणि गोळी शोधायची, अशी तेव्हाची रीत होती. काही जखमी फ्रेंच सैनिक एका ओसाड घरात लपून राहिले होते. त्यांना कोणीच चिरलं नव्हतं आणि ते उपचार झालेल्यांपेक्षा चांगले बरे झाले होते. विनाकारण सुरी चालवू नका, हा धडा हंटरने तिथून आणला. सर्जनला हात आवरायला शिकवणं किती अवघड आहे, हे शस्त्रक्रियागृहात वावरलेल्या कोणालाही विचारा.

लंडनला परतल्यावर तो सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये सर्जन झाला, पुढे राजाचाही सर्जन झाला. त्याच्या घरी राहून शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे एडवर्ड जेन्नर. नुसता तर्क करत बसण्यापेक्षा प्रयोग करून बघ, असा गुरूचा तगादा असे. १७९६मध्ये जेन्नरने देवीची लस टोचून पाहिली, तेव्हा मात्र गुरू हयात नव्हता.

हंटरची गाजलेली शस्त्रक्रिया १७८५मधली. गाडीवानांना गुडघ्यामागच्या रोहिणीला फुगा येण्याचा त्रास फार असे. फुगा फुटला तर मरण, नाही तर पाय कापायचा. कुत्र्यांवर आणि हरणांवर केलेल्या प्रयोगांवरून हंटरला कळलं होतं की मुख्य रोहिणी बंद झाली तरी आजूबाजूच्या लहान वाहिन्या रुंदावून रक्त पोचवतात. त्याने एका गाडीवानाची रोहिणी फुग्यापाशी न बांधता वर, मांडीत, निरोगी जागी बांधली. सहा आठवड्यांत तो माणूस आपल्या पायांनी घरी गेला. ज्या जागी रोहिणी बांधली, तोच आपला हंटर्स कॅनॉल. सव्वा वर्षाने गाडीवान तापाने वारला, तेव्हा आत काय झालंय ते पाहण्यासाठी हंटरने खर्च करून तो पाय मिळवलाच.

त्याच्या चुकाही मोठ्या होत्या. परमा आणि गरमी हे एकच रोग, असं त्याने एका प्रयोगावरून ठरवलं. परम्याचा पू टोचला तर गरमीची लक्षणंही उमटली. पू देणाऱ्या रुग्णाला दोन्ही रोग असावेत, हे त्याच्या लक्षात आलं नाही. टोचलेला माणूस तो स्वतःच होता की दुसरा कोणी, यावर इतिहासकारांचा वाद चालू आहे. त्याच्या नावाच्या वजनामुळे ही चूक कित्येक वर्षं टिकली. गरिबांचे जिवंत दात विकत घेऊन श्रीमंतांच्या जबड्यात बसवण्याच्या फॅशनलाही त्याने हातभार लावला.

लेस्टर स्क्वेअरच्या त्याच्या घराला दोन तोंडं होती. पुढच्या दाराने प्रतिष्ठित रुग्ण येत, मागच्या गल्लीतून रात्री मृतदेह.

यातच चार्ल्स बर्नची गोष्ट येते. आयर्लंडचा हा तरुण साडेसात फुटांहून उंच होता. १७८२मध्ये तो लंडनला आला आणि तिकीट लावून स्वतःला दाखवू लागला. वर्षभरात त्याची सगळी कमाई चोरीला गेली, दारू वाढली आणि प्रकृती खालावली. शरीरशास्त्रज्ञ आपल्या देहावर टपून बसलेत, हे त्याला माहीत होतं. मला शिशाच्या पेटीत घालून समुद्रात बुडवा, असं त्याने मित्रांना बजावलं होतं. जून १७८३मध्ये तो बाविसाव्या वर्षी गेला. हंटरने लाच देऊन देह पळवला. ५०० पौंड मोजले, असं म्हणतात. पकडले जाऊ नये म्हणून देह घाईने उकळून सांगाडा वेगळा केला.

विज्ञानाला या सांगाड्याचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. १९०९मध्ये हार्वे कुशिंगने कवटी उघडून पाहिली, तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची खोबण मोठी झालेली. म्हणजे उंची त्या ग्रंथीच्या गाठीमुळे होती. २०११मध्ये दातातल्या डीएनएमध्ये एआयपी या जनुकातला दोष सापडला. उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या काही कुटुंबांतही तोच दोष आहे आणि त्यांना लवकर निदानाचा फायदा होतो. पण २०११च्या तपासणीला एखादा दात पुरेसा होता. त्यासाठी दोनशेहून अधिक वर्षं माणसाला काचेत उभं ठेवायची गरज नव्हती, असं माझं मत आहे.

हा प्रश्न लंडनपुरता नाही. आपल्याकडे १९४९च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्यामुळे बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळू लागले आणि माझ्या पिढीचे डॉक्टर त्यांच्यावरच शिकले. त्यांतल्या कोणी होकार दिला नव्हता. आता स्वेच्छेने देहदान करणारे पुढे येतात, तेव्हा अर्जावरची सही मी जरा थांबून बघतो.

१६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्जेसच्या सभेत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून खडाजंगी झाली. राग आला की छातीत कळ येते, हे हंटरला वीस वर्षं ठाऊक होतं. तो शेजारच्या खोलीत गेला आणि तिथेच कोसळला. शवविच्छेदनात हृदयाच्या रोहिण्या हाडासारख्या कडक झालेल्या आढळल्या.

सरकारने १७९९मध्ये १५,००० पौंडांना संग्रह घेतला. मेहुणा एव्हरार्ड होम याने हंटरची टिपणं स्वतःच्या नावावर वापरली आणि १८२३मध्ये जाळून टाकली. विल्यम क्लिफ्ट या सहायकाने तुटपुंज्या पगारावर संग्रह राखला आणि बऱ्याच टिपणांच्या नकलाही केल्या होत्या, म्हणून काही तरी उरलं. १९४१च्या बॉम्बफेकीत संग्रहाचा मोठा भाग गेला.

२०१७मध्ये संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद झालं. मे २०२३मध्ये उघडलं, तेव्हा बर्नचा सांगाडा मांडणीत नव्हता. समुद्रात मात्र तो अजून गेलेला नाही; संशोधनासाठी म्हणून कॉलेजने आत ठेवला आहे. हंटरची शवपेटी १८५९मध्ये तळघरातल्या हजारो पेट्यांतून शोधून वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये सन्मानाने पुरली. संग्रहालयात जोशुआ रेनॉल्ड्सने काढलेलं त्याचं तैलचित्र आहे. हंटर विचारात गढून बसलाय. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात बघा, एका सांगाड्याचे फक्त पाय दिसतात. ते बर्नचे आहेत.