पुढे असताना थांबलेला फँजिओ

जुलै उजाडला की इंग्लंडमधल्या आमच्या घराला सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीचे वेध लागतात. मुलगा टीव्हीसमोर आणि नाशिकहून त्याचे आजोबा व्हिडिओ कॉलवर. आजोबांनी आयुष्यभर मालट्रक चालवला, तोही टायरची तार दिसेपर्यंत. त्यामुळे त्यांना दरवर्षी एकच कोडं पडतं. चांगली पहिल्या नंबरवर असलेली गाडी, टायर शाबूत असताना, मध्येच थांबते कशाला? नातू समजावतो की लाल पट्ट्याचा टायर मऊ असतो, रस्ता घट्ट धरतो, गाडी पळवतो, पण लवकर झिजतो. पांढरा कडक असतो, टिकतो जास्त, पण वेग कमी देतो. पिवळा मधला. आणि कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकार वापरायचा नियम असल्याने एकदा तरी थांबावं लागतंच.

आजोबांचं काही समाधान होईना. म्हणून यंदा मी त्यांना हुआन मॅन्युएल फँजिओची गोष्ट सांगितली. त्याच्यावर अशी कुठलीच सक्ती नव्हती, तरी तो थांबला होता.

फँजिओचा जन्म २४ जून १९११ चा, अर्जेंटिनातल्या बाल्कार्से गावचा. आईवडील मूळचे इटलीतल्या अब्रुझ्झो भागातले, पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडून आलेले. वडील गवंडीकाम करायचे. म्हणजे आपल्यासारखंच परक्या मुलखात बस्तान बसवलेलं घर. शाळा लवकर सुटली आणि पोरगा गॅरेजमध्ये लागला. फुटबॉलही छान खेळायचा. पाय किंचित वाकडे, म्हणून 'एल चुएको' हे टोपणनाव पडलं ते कायमचं. पुढे त्याने स्वतःचं गॅरेज काढलं. शर्यतीसाठी शेव्हरोले घ्यायला गावकऱ्यांनी चक्क वर्गणी काढली. त्याने १९४० साली ब्युनोस आयर्स ते लिमा आणि परत, अशी साधारण साडेनऊ हजार किलोमीटरची शर्यत जिंकून दाखवली. तिथे रस्ते कच्चे आणि मोडलेली गाडी स्वतःच दुरुस्त करायची. गाडी राखून कशी पळवायची, हे तो तिथे शिकला. पण १९४८ साली पेरूमध्ये झालेल्या अपघातात त्याचा जोडीदार उरुतिया गेला. तो घाव मोठा होता.

युरोपात त्याचा जम बसला १९४९ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी. या वयात बाकीचे निवृत्तीचा विचार करतात! पहिलं विश्वविजेतेपद आलं १९५१ साली, आणि तिथेही टायरचीच कथा आहे. बार्सिलोनाच्या शेवटच्या शर्यतीआधी अल्फा रोमिओचा फँजिओ फेरारीच्या अस्कारीपेक्षा फक्त २ गुणांनी पुढे होता. फेरारीने नेहमीपेक्षा लहान चाकं बसवली. लहान चाक तेवढ्याच अंतरात जास्त फिरतं, जास्त तापतं. लांब सरळ रस्त्यावर फेरारीच्या टायरांचे वरचे थर सुटून उडू लागले आणि गाड्या पुन्हा पुन्हा आत यायला लागल्या. फँजिओ शर्यतही जिंकला आणि विजेतेपदही.

पुढच्या वर्षी रात्रभर गाडी हाकत तो पॅरिसहून मोन्झाला पोहोचला, सुरुवातीला जेमतेम अर्धा तास उरला असताना. थकलेल्या अंगाने शर्यतीत उतरला आणि अपघातात मान मोडून घेतली. तो हंगाम गेला. मग मर्सिडीजकडून १९५४ आणि १९५५, फेरारीकडून १९५६, अशी आणखी तीन विजेतेपदं.

आता मुख्य गोष्ट. तारीख ४ ऑगस्ट १९५७, जर्मनीतलं न्यूरबर्गरिंग. एक फेरी जवळपास २३ किलोमीटरची, डोंगर-जंगलातून वळणं घेत जाणारी. अशा २२ फेऱ्या. फँजिओ ४६ वर्षांचा, गाडी मासेराती. फेरारीच्या हॉथॉर्न आणि कॉलिन्सने टाकी पूर्ण भरली, कडक टायर लावले आणि न थांबता पळायचं ठरवलं. मासेरातीने अर्धीच टाकी भरली आणि मऊ टायर लावले. गाडी हलकी, पकड जास्त, वेग जास्त. मात्र अर्ध्यात थांबून इंधन भरायचं, मागचे टायर बदलायचे. त्यासाठी तोवर अर्ध्या मिनिटाची आघाडी कमवायची.

फँजिओने ती जवळजवळ कमावलीही. बाराव्या फेरीअखेर तो आत आला आणि घोटाळा झाला. चाकाचा एक नट घरंगळत गाडीखाली गेला. शोधाशोध सुरू झाली. ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. बाहेर पडला तेव्हा तो तिसरा होता, पाऊण मिनिटाच्या आसपास मागे.

नवे टायर रुळेपर्यंत पहिल्या फेऱ्या त्याने जपून काढल्या. फेरारीच्या लोकांना वाटलं, म्हातारा संपला! त्यांनी आपल्या चालकांना सबुरीने घ्यायचा इशारा केला. तेव्हा रेडिओ नव्हता. फलक दाखवायचा तो फेरीतून एकदा, म्हणजे नऊ-साडेनऊ मिनिटांनी. फँजिओ अंगावर येतोय हे कळेस्तोवर उशीर झाला होता. एरवी खालच्या गिअरमध्ये घ्यायची वळणं तो वरच्या गिअरमध्ये घेत सुटला. फेरीमागून फेरी विक्रम मोडत गेला. विसावी फेरी ९ मिनिटं १७.४ सेकंदांत, म्हणजे सरावातल्या स्वतःच्याच सर्वोत्तम वेळेपेक्षा आठ सेकंदांनी कमी! एकविसाव्या फेरीत आधी कॉलिन्सला, मग हॉथॉर्नला मागे टाकलं आणि ३.६ सेकंदांनी जिंकला. हा त्याचा २४ वा आणि शेवटचा विजय, सोबत पाचवं विश्वविजेतेपद. इतकी जोखीम त्याने आधी कधी घेतली नव्हती, पुढेही घेतली नाही. वर्षभरात तो निवृत्त झाला. पाच विजेतेपदांचा विक्रम २००३ पर्यंत टिकला. १७ जुलै १९९५ रोजी तो गेला आणि त्याला बाल्कार्सेतच, वर्गणी काढणाऱ्या त्याच गावात, दफन केलं.

आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की कसारा घाट उतरण्याआधी ते नेहमी ट्रक बाजूला घेऊन ब्रेक थंड होऊ द्यायचे. मागचे हॉर्न वाजवत पुढे निघून जायचे. त्यातले काही नंतर घाटात खोळंबलेले भेटायचे. थांबण्याचा हिशोब आता त्यांना पटला होता. फक्त त्या नटवाल्या मेकॅनिकवरचा त्यांचा राग काही गेलेला नाही.